नाण्यांचे खण

ज्यांच्या घरात एखादा संग्राहक आहे त्यांनाच हा प्रश्न कळेल. अशा माणसाला वाढदिवसाला भेट काय द्यायची? शर्ट आणला तर तो घडी न मोडता कपाटात जातो. घड्याळ आणलं तर "आहे की एक, दुसरं कशाला?" असं ऐकून घ्यावं लागतं. त्याला हवी असलेली वस्तू एकच असते आणि ती कोणती हे आपल्याला कळत नाही. कळली तर परवडत नाही. परवडलीच, तर ती त्याने आधीच कुठून तरी पैदा केलेली असते. आमच्या घरात नाणी आहेत. दुसऱ्या कोणाच्या घरात काडेपेट्यांची लेबलं असतील, पोस्टाची तिकिटं असतील, जुनी पेनं असतील. छंद निरनिराळे, पण घरच्या माणसांची अवस्था सगळीकडे सारखीच.

पुण्यात संग्राहक म्हटलं की पहिलं नाव निघतं ते दिनकर केळकरांचं. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी १९६२ साली संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केलं. दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं, भातुकली. वीस हजारांच्या वर वस्तू एका माणसाने हिंडून हिंडून गोळा केल्या. शाळेच्या सहलीबरोबर मी ते प्रथम पाहिलं तेव्हा इतर मुलींसारखीच तोंडात बोट घालून पाहिलं. लग्नानंतर पुन्हा गेले तेव्हा मात्र मनात वेगळंच आलं. हे सगळं घरात येऊन पडत होतं त्या दिवसांत त्यांच्या पत्नी कमलाबाई केर कसा काढत असतील? त्यांनी नवऱ्याच्या या वेडाला मनापासून साथ दिली असं सगळेच सांगतात. साथ देणं म्हणजे नक्की काय काय करणं, हे मात्र संग्राहकाच्या बायकोला विचारावं.

आमच्या ह्यांच्या नाण्यांची सुरुवात आजोबांच्या तपकिरीच्या डबीतून झाली. तिच्यात भोकाचे सात पैसे होते. १९४३ ते ४७ या काळात निघालेला, मधोमध मोठं भोक असलेला तांब्याचा तो पैसा माझ्या वयाच्या वाचकांनी आजीच्या पेटीत नक्की पाहिला असेल. त्या सात पैशांपासून जी भूक लागली ती अजून भागलेली नाही. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हा हिशेब १ एप्रिल १९५७ला संपला आणि दशमान पद्धत आली. पण आमच्या घरात अजून अधेली, पावली, चवली हेच शब्द चालतात. ह्यांना पगार किती आहे हे चटकन सांगता यायचं नाही. चवली चौकोनी कधीपासून झाली ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगतील. (१९१८ पासून. त्याआधी ती चांदीची, गोल आणि इवलीशी होती.)

तुम्ही म्हणाल, नाणं ते नाणं, गोल चकती. ते ठेवायला असं काय लागतं? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण आपल्या देशाची नाणी एकदा ओळीने मांडून बघा. आणा कंगोऱ्यांचा, चवली गोलसर कोपऱ्यांची चौकोनी. दशमान आल्यावर तर गंमतच झाली. अॅल्युमिनियमचा एक पैसा चौकोनी, दोन पैसे कंगोऱ्यांचे, तीन पैसे षट्कोनी, पाच पैसे पुन्हा चौकोनी, दहा पैसे पुन्हा कंगोऱ्यांचे आणि वीस पैसे षट्कोनी. त्यातच पितळेचा कमळवाला वीस पैसे गोल. शिवराईची तऱ्हा आणखी न्यारी. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती' अशी अक्षरं असलेलं हे तांब्याचं नाणं हाताने ठोकून घडवलेलं. त्यामुळे एक शिवराई दुसरीसारखी नाही. एक जाड, एक पातळ, एकीची कड उडालेली. एवढ्यावर भागत नाही. अलीकडच्या नाण्यांवर सालाच्या आकड्याखाली टांकसाळीची बारीक खूण असते. मुंबईची चौकट हिऱ्यासारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे काहीच खूण नसणं. म्हणजे तुम्हाआम्हाला जे एक नाणं दिसतं ती संग्राहकाला चार नाणी दिसतात आणि त्याला ती चारही हवी असतात. दर वर्षाची.

ही सगळी दौलत आमच्याकडे श्रीखंडाच्या डब्यांत, फोटोच्या रिळांच्या डब्यांत आणि दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या दोन अल्बमांत राहात होती. एका पावसाळ्यानंतर ह्यांनी अल्बम उघडला तेव्हा राणीच्या छापाच्या चांदीच्या रुपयांवर हिरवट, चिकट थर आला होता. त्या रात्री हे नीट जेवले नाहीत. पुढे जाणत्या संग्राहकांकडून कारण समजलं. स्वस्त अल्बमांचे कप्पे पीव्हीसीचे असतात. ते लवचीक राहावेत म्हणून त्यात जो तेलकट पदार्थ घातलेला असतो तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि धातूला धरतो. मग बायका देवाची भांडी घासतात तसं चिंच लावून घासावं, तर तेही चालत नाही. घासलेलं नाणं चकचकीत दिसतं आणि जाणकाराच्या लेखी तिथेच त्याची किंमत उतरते.

२०१३च्या ऑगस्टमध्ये ह्यांना पन्नास पुरी होणार होती. भेटीचा प्रश्न होताच. त्याचं उत्तर मला माहेरी सापडलं.

माझ्या वडिलांचं बाइंडिंगचं दुकान अप्पा बळवंत चौकाजवळ होतं; आता ते भाऊ चालवतो. खळीचा आंबूस वास, शिकंजात दाबलेल्या पुस्तकांच्या चळती, कडेला रंगलेली वडिलांची नखं, यातच मी मोठी झाले. परीक्षा संपली की आम्हा भावंडांना फर्मे मोडायला बसवायचे. जुजबंदीची शिलाई मला दहाव्या वर्षी येत होती. लग्नानंतर त्या विद्येचा उपयोग मुलांच्या वह्यांना कव्हरं घालण्यापलीकडे झाला नव्हता. मनात आलं, पुठ्ठा आपल्याला कळतो, कापड कळतं, शिलाई कळते. मग नाण्यांना घर बांधायला काय हरकत आहे?

हरकत नव्हती, पण वडिलांची निम्मी विद्या बाजूला ठेवावी लागली. बाइंडरच्या खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पुस्तकाला ते मानवतं. नाण्याजवळ असला क्षार ओलाव्यात नेऊन ठेवणं म्हणजे विंचवाबरोबर बिऱ्हाड करणं. नेहमीचा पिवळा पुठ्ठा गवताच्या लगद्याचा. तो जुना होईल तसा आम्ल सोडतो. आत मऊ लोकरी बनात लावावी असं कोणालाही वाटेल, पण लोकरीत गंधक असतं आणि चांदी काळी पडते ती गंधकानेच. बाजारातला पांढरा गोंद वाळताना जो आंबूस वास देतो तो आम्लाचाच. हे सगळं मी ह्यांच्याच पुस्तकांतून, हे कामावर गेले असताना वाचून काढलं. शेवटी ठरलं ते असं. पुठ्ठा सुती चिंध्यांच्या हातकागदाचा. पुण्यात १९४०पासून हातकागदाची परंपरा आहे, त्यामुळे तो मिळायला अडचण नव्हती. आत धुऊन खळ काढलेलं पांढरं सुती कापड. आणि नाण्याच्या आसपास गोंद म्हणून नाहीच. थरावर थर ठेवून चारी कडांनी दोऱ्याने शिवायचं. पुस्तक शिवतात तसं.

बाहेरून मढवायला गुळेदगुडचं खणाचं कापड घेतलं. आपल्या भाषेतला हा शब्द मोठा सोयीचा आहे. चोळीचं कापड तो खण आणि कपाटातला कप्पा तोही खण. पाच खणांची पेटी, खणाने मढवलेली. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, अधेलीचा चोवीस, पावलीचा एकोणीस. प्रत्येकापेक्षा दीड मिलिमीटर मोठं भोक, म्हणजे नाणं सुखाने बसेल आणि खुळखुळणारही नाही. तळाला करंगळी जाईल एवढं दुसरं भोक, म्हणजे खालून ढकललं की नाणं वर येतं आणि कडेने धरता येतं. चेहऱ्यावर बोट लागत नाही. भोकं पाडायला भावाने ओळखीच्या लेथवाल्याकडून चार मापांचे पंच करून आणले. शिवरायांसाठी गोल भोकं न करता चौकोनी घरं ठेवली. त्या कशाही असल्या तरी मावतात. नऊ रात्री लागल्या. मुलगी बारावीला होती, तिच्या अभ्यासाला सोबत म्हणून जागते असं ह्यांना सांगितलं होतं.

पेटी पाहून हे काही बोलले नाहीत. त्यांनी जाऊन हात धुतले, पुसले, आणि रात्री साडेअकरापर्यंत एकेक नाणं घरात बसवत राहिले. आमच्या लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. तेवढ्या अनुभवावरून सांगते, हे त्यांचं कौतुकच होतं.

इथवर ही गोष्ट भेटीची. पुढची व्यवहाराची आहे, आणि तिची सुरुवात ह्यांच्या मित्रमंडळींत झाली.

महिन्यातून एका रविवारी आठ-दहा नाणेवाले कोणाच्या तरी घरी जमतात. चहा होतो, देवघेव होते, भांडणंही होतात. सप्टेंबरात पाळी आमच्या घरची होती. पेटी हातोहात फिरली. एकाने मोजपट्टी काढून भोक मोजलं. दुसऱ्याने पुठ्ठ्याचा वास घेतला. (नाणेवाल्यांना वास घ्यायची सवय असते, ती आजपर्यंत मला उमगलेली नाही.) मग एक जण म्हणाले, "वहिनी, मलाही अशीच एक हवी." मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "त्यात काय मोठंसं! करून देईल ती. साहित्याचे काय होतील ते दे."

साहित्याचे झाले अकराशे. ते त्यांनी दिले, वर पेढे दिले. तशा तीन पेट्या मी केल्या. तिन्ही मित्र भले, तिघांनीही तोंड भरून स्तुती केली. चौथ्याची मागणी आली तेव्हा मी एक वही घेतली आणि तिच्यात पुठ्ठा नाही, कापड नाही, नुसते तास लिहायला सुरुवात केली. कापणं सव्वा तास. भोकं अडीच तास. कडा घासणं एक तास. शिलाई पाच तास. असं करत तीन खणांच्या पेटीला चौदा तास भरले. स्वयंपाकघरातल्या कामाचे तास कोणी लिहीत नाही म्हणून ते नसतात, असं आपल्याकडे समजतात. लिहिले की ते दिसायला लागतात.

वही घेऊन मी भावाकडे गेले. म्हटलं, "बहीण आहे हे विसर. असं काम करणारी बाई तुझ्याकडे रोजाने आली तर काय देशील?" त्याने पेटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "आठ तासांचे चारशे देतो. या हाताला पाचशे देईन." पाचशेच्या हिशेबाने चौदा तासांचे पावणेनऊशे होतात. साहित्य अकराशे. पंचांची झीज, वाया जाणारा पुठ्ठा, रिक्षा, वीज धरून सव्वादोनशे. बेरीज बावीसशे रुपये.

हा आकडा मी घरात उच्चारला त्या संध्याकाळी वातावरण जरा तंग होतं. "मित्रांकडून पैसे घ्यायचे? लोक काय म्हणतील?" ह्यांचं म्हणणं पडलं. भेट म्हणून जी वस्तू केली तिचा भाव ठरवला की तिच्यातलं काहीतरी जातं, असंही ते म्हणाले. आणि त्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मी एवढंच विचारलं, "अहो, हे मित्र तुम्हाला नाणी फुकट देतात का? मागच्या रविवारी एका पावलीवरून तुम्ही दोघं दीड तास घासाघीस करत होतात. तेव्हा लोक काय म्हणाले?" हे गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ती पावली १९११ची होती." म्हणजे विषय संपला.

बावीसशे ऐकून मागणी करणाऱ्या तिघांपैकी दोघे मागे फिरले. एकाने तर 'तुमच्या ह्यांनी अकराशे सांगितले होते' असं ऐकवलं. तिसऱ्यांनी पैसे आगाऊ दिले आणि आपल्या नाण्यांची मापं स्वतःच्या हाताने लिहून दिली. तो कागद मी जपून ठेवला आहे. धंद्यातलं माझं पहिलं गिऱ्हाईक ते. आधीचे तीन पाहुणे होते.

पुढच्या वर्षी ह्यांच्या कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि तिच्यात हेही गेले. 'स्वेच्छा' हा शब्द किती सैल वापरतात ते त्या वेळी समजलं. मुलीच्या इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, ह्यांचं वय एक्कावन्न, हातात आलेली रक्कम बँकेत टाकलेली आणि तिला हात लावायचा नाही हे ठरलेलं. अशा वेळी एक व्यापारी घरी आला. प्रदर्शनांतून अल्बम आणि भिंगं विकणारा. त्याला एकदम दोनशे पेट्या हव्या होत्या, एकीचे सातशे देणार होता. एक लाख चाळीस हजार! अट एवढीच, की वरून रेक्झिन, आत फोम, आणि कप्प्यांना पारदर्शक प्लास्टिक. "बाई, गिऱ्हाईकाला चकाकी लागते. आत काय आहे ते कोण बघतं?"

दोन रात्री मला झोप नव्हती. पैशांची गरज नव्हती असं कोण म्हणेल? पण रेक्झिनवर तोच पीव्हीसीचा थर. ज्या हिरव्या थरापायी ही पेटी जन्माला आली तोच मी माझ्या हाताने दोनशे घरांत पाठवायचा होता. तो उद्या दिसत नाही, तीन-चार पावसाळ्यांनी दिसतो. तोवर व्यापारी आणि मी दोघंही मोकळे. ह्यांनी मला 'नको म्हण' असं सांगितलं नाही. घरातली कमाई थांबलेली असताना तसं सांगायचा त्यांना धीर झाला नसावा. मी व्यापाऱ्याला कळवलं की साध्या सुती कापडात, माझ्या पुठ्ठ्यात, एक खणाचा नग हजाराला देते. तो हसला आणि गेला.

तो गेला खरा, पण त्याला सांगितलेला एक खणाचा नग माझ्या डोक्यात राहिला. आजवर मी पेट्या करत होते त्या मुरलेल्या संग्राहकांसाठी. शाळकरी पोरगा, नुकती नोकरी लागलेला मुलगा, आजोबांच्या डब्यात चाळीस नाणी सापडलेली मुलगी, यांना बावीसशेची पेटी कुठून परवडणार? त्यांना हवा एक खण, वीस घरांचा, वर झाकण. खणाचं कापड काढून साधी खादी घेतली. भावाच्या दुकानात पडून असलेलं फ्लाय प्रेस त्याने मला भाड्याने दिलं. त्यावर पाच पुठ्ठ्यांची भोकं एका दाबात पडतात. शिलाई तेवढी हातानेच राहिली, तिला पर्याय नाही. वेळ चौदा तासांवरून अडीच तासांवर आला आणि किंमत साडेसहाशेवर. मोठ्या पेटीने मला नाव मिळवून दिलं असेल, पण आमचं घर चाललं ते या एकखणीवर.

खरं सांगायचं तर धंदा वाढला कसा याची फार मोठी कथा नाही. एका संग्राहकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. नाण्यांच्या प्रदर्शनात एक टेबल घेतलं. शिलाईला आधी शेजारच्या इमारतीतल्या एक जण येऊ लागल्या, मग त्यांची जाऊ. त्यांना मी नगावर पैसे देते, पण आधी तास मोजून मग नगाचा दर बांधला. वहीचा तो धडा मी दुसऱ्या बाईला उलटा शिकवणार नव्हते. २०२०च्या टाळेबंदीत कुरिअर बंद पडलं आणि दोन महिने एक रुपया आला नाही. मग एकदम मागण्यांचा ढीग. घरात अडकलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं न उघडलेले डबे उघडले होते. त्याच साली सरकारची 'उद्यम' नोंदणी सुरू झाली, ती मुलीने घरबसल्या, एक पैसा न भरता करून दिली. आज महिन्याला पंचवीस-तीस एकखण्या आणि तीन-चार मोठ्या पेट्या जातात. किमती अर्थातच तेव्हाच्या राहिलेल्या नाहीत. सगळं वजा जाता अठरा-वीस हजार हातात राहतात. त्यात बंगला होत नाही. पण मुलीच्या शेवटच्या दोन वर्षांची फी यातूनच गेली.

एक गोष्ट मात्र विस्ताराने सांगायला हवी. चौथ्या की पाचव्या वर्षी एक बाई पेटी घेऊन आल्या. पेटी मीच केलेली, नाणी भरलेली. यजमान वारले होते. म्हणाल्या, "यातलं कुठलं काय आहे मला काही कळत नाही. एक जण येऊन सगळ्याचे पंधरा हजार देतो म्हणाला. देऊ का?" ह्यांनी नाणी पाहिली. दोनच नाण्यांचे तेवढे आले असते. पण कुठून घेतली, कितीला, कशाबरोबर मिळाली, एका अक्षराची नोंद नाही. सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं आणि त्याच्याबरोबर गेलं. ह्यांनी आणि दोन मित्रांनी बसून यादी करून दिली, त्याला तीन रविवार लागले. जाताना बाई म्हणाल्या, "पेटी छान आहे हो. पण पेटी बोलत नाही."

तेव्हापासून प्रत्येक पेटीबरोबर मी एक वही बांधून देते. हे तर माझं माहेरचं काम! खणाचा क्रमांक, घराचा क्रमांक, नाणं, वजन, कुठून मिळालं, कधी, कितीला. आणि शेवटचा रकाना त्या बाईंनी सुचवलेला, 'पुढे कोणाला'. आता गंमत पाहा. नवरे येऊन वही चाळतात आणि हमखास विचारतात, "यातला 'कितीला' हा रकाना काढता येईल का?" बायका विचारतात, "हा रकाना भरणं सक्तीचं करता येईल का?" मी दोघांनाही हसून चहा देते आणि रकाना तसाच ठेवते. आमच्या घरच्या वहीत 'कितीला' खाली पुष्कळ ठिकाणी नुसती आडवी रेघ आहे. एखाद्या जुन्या रेघेचा अर्थ विचारला तर "आठवत नाही" असं उत्तर मिळतं. चवलीचं साल मात्र आठवतं. 'पुढे कोणाला' हा रकाना ह्यांनी दोन वर्षं कोरा ठेवला होता. मुलीला नाण्यांत गोडी नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मागच्या पावसाळ्यात मी वहीचा कणा सैल झाला म्हणून दुरुस्तीला घेतली तर पहिल्या सात ओळींपुढे, म्हणजे भोकाच्या पैशांपुढे, माझं नाव लिहिलेलं होतं. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

परदेशातूनही पत्रं येतात. अमेरिकेतल्या एकाने विचारलं, वडिलांची नाणी पेटीत भरूनच पाठवाल का? नाही पाठवता येत. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, नाणंसुद्धा, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. रिकामी पेटी जाते. शिवराई इथेच राहते. त्याने तरीही पेटी मागवली. तिथे तो तिच्यात अमेरिकन नाणी ठेवतो आणि एक घर वडिलांसाठी रिकामं ठेवलं आहे, असं त्याने कळवलं.

सध्या निराळीच अडचण आहे. २०२०पासून चलनात आलेलं वीस रुपयांचं नाणं बारा बाजूंचं आहे. गोल भोकात ते बसतं, पण जाणकारांचं समाधान होत नाही. त्यांना बारा कोनांचंच घर पाहिजे. लेथवाला म्हणतो, असा पंच लेथवर होणार नाही, वेगळीकडे करून घ्यावा लागेल, आणि जो खर्च सांगतो तो ऐकून मी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. या घराची सगळ्यात मोठी तक्रार आमच्या घरातूनच आहे. ह्यांना चारही टांकसाळींची नाणी लावायला दोन एकखण्या हव्या आहेत, त्याही लगेच. मागणीच्या वहीत त्यांचा नंबर सध्या सतरावा आहे. निम्मे पैसे आगाऊ, हा नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी ते परवा बाहेरच्या खोलीत बसून मोबाइलवरून पाठवले, आणि पावती मागितली.